बरा होणारा रोग आणि सातपुड्याची वाट

१ फेब्रुवारी २०२५ रोजी संसदेत सादर झालेल्या केंद्रीय अर्थसंकल्पाची चर्चा झाली ती मुख्यतः आयकराच्या सवलतीवरून. त्याच भाषणात आरोग्यासंबंधी एक घोषणा होती, तिच्याकडे मध्यमवर्गाचे फारसे लक्ष गेले नाही. देशातल्या सर्व जिल्हा रुग्णालयांत तीन वर्षांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे उभी करायची, आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ या एका वर्षात सुरू करायची, अशी ती घोषणा. डे-केअर म्हणजे रुग्णाने सकाळी यावे, सलाईनमधून औषध घ्यावे आणि संध्याकाळी घरी जावे. कर्करोगाच्या औषधासाठी मुंबईला खेटे घालणाऱ्या, परळच्या पदपथावर रात्री काढणाऱ्या कुटुंबांना ही घोषणा वरदान वाटली तर नवल नाही.

परंतु अशा घोषणेचे मोजमाप पुण्यात किंवा नाशकात बसून होत नाही. ते करायचे तर नकाशाच्या टोकाला जावे लागते. महाराष्ट्राच्या नकाशात असे एक टोक म्हणजे तोरणमाळ. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी म्हणजेच धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेत, सुमारे ११४३ मीटर उंचीवर वसलेले हे गाव. पर्यटकांना ते यशवंत तलाव, सीताखाई आणि सात पायरीचा घाट यांसाठी ठाऊक असते. भाविकांना महाशिवरात्रीच्या गोरक्षनाथाच्या यात्रेसाठी. तिथे ग्रामीण रुग्णालय आहे. पण शहादा गाठायचे तर घाट उतरून पन्नासएक किलोमीटर जावे लागते, नंदुरबार त्याच्याही पुढे, आणि मुंबईची गाडी पकडली तर ती आधी सुरतेला वळसा घालते. आसपासच्या डोंगरपाड्यांतून आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते, ही बातमी वर्तमानपत्रांना आता नवी राहिलेली नाही. गावातून मुंबईत पोचणे हाच एक दिवसाचा, आणि कधी दोन दिवसांचा, कार्यक्रम असतो.

या टोकावरून कर्करोगाच्या उपचाराकडे पाहायचे, तर कोणता कर्करोग घ्यावा? तोंडाचा किंवा गर्भाशयमुखाचा घेतला, तर रोग फार पुढे गेला होता म्हणून सगळेच सुटतात. म्हणून येथे मुद्दाम एक असा कर्करोग घेतला आहे, ज्यात वेळेवर आणि योग्य उपचार झाला, तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. तो म्हणजे वृषणाचा कर्करोग. घरात मोठ्याने न बोलला जाणारा, पण पंधरा ते पस्तीस-चाळीस या कमावत्या वयाच्या तरुणांना गाठणारा. भारतात तो दुर्मीळ आहे. लाखात एकालाही तो दर वर्षी होत नाही. नॉर्वे-डेन्मार्कसारख्या देशांत हेच प्रमाण त्याच्या कितीतरी पट आहे. दुर्मीळ असल्यामुळेच तो व्यवस्थेची चांगली परीक्षा घेतो. या रोगाने तरुण दगावला, तर बहुधा कुठली तरी साखळी तुटलेली असते.

प्लॅटिनम आणि सदाफुली

हा रोग बरा होऊ लागला, त्याला अजून पन्नास-पंचावन्न वर्षेच झाली आहेत. १९७० च्या आसपास तो शरीरात पसरला, की दहांतले नऊ तरुण वर्षा-दोन वर्षांत जात. चित्र पालटले ते एका अपघाती शोधामुळे. अमेरिकेतील मिशिगन राज्य विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग हे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. विजेसाठी त्यांनी प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या होत्या. जिवाणूंची वाढ होत होती, पण त्यांचे विभाजन थांबले होते. हा प्रताप विजेचा नसून पट्ट्यांतून द्रावणात उतरलेल्या प्लॅटिनमच्या संयुगाचा आहे, हे त्यांच्या ध्यानात आले आणि १९६५ मध्ये ते प्रसिद्ध झाले. पेशींचे विभाजन रोखणारे द्रव्य कर्करोगावर चालेल काय, या प्रश्नातून सिस्प्लॅटिन हे औषध जन्माला आले.

१९७४ मध्ये इंडियाना विद्यापीठात डॉ. लॉरेन्स आइनहॉर्न यांनी हे औषध आणखी दोन औषधांबरोबर दिले. त्यांतले एक ब्लिओमायसिन आणि दुसरे विनब्लास्टिन. विनब्लास्टिन येते आपल्या अंगणात, कुंपणाशी, देवळाच्या पायरीशी फुलणाऱ्या सदाफुलीतून. रोग फुफ्फुसांपर्यंत पसरलेला एक महाविद्यालयीन तरुण या तीन औषधांनी बरा झाला. १९८७ मध्ये विनब्लास्टिनची जागा इटोपोसाइडने घेतली; तेही मूळचे वनस्पतीजन्यच. तेव्हापासून ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन हे त्रिकूट आजतागायत जगभर वापरले जाते. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा रोग १९९६ मध्ये सापडला तेव्हा तो फुफ्फुसांत आणि मेंदूत पोचला होता. तरी तो बरा झाला. उत्तेजक द्रव्यांपायी त्याची विजेतेपदे पुढे २०१२ मध्ये काढून घेतली गेली, हा भाग वेगळा. त्याच्या जिवंत राहण्याचे श्रेय मात्र कोणी काढून घेऊ शकत नाही.

२०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय आकडेवारीनुसार, रोग पसरलेला असूनही ज्यांची लक्षणे अनुकूल आहेत, अशा रुग्णांपैकी सुमारे ९५ टक्के पाच वर्षांनंतर जिवंत असतात. अगदी प्रतिकूल गटातही हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या आसपास आहे. हे आकडे बव्हंशी पाश्चात्त्य देशांतल्या मोठ्या रुग्णालयांचे आहेत, हे विसरून चालणार नाही. तथापि औषधे तीच आहेत, ती भारतात तयार होतात आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचा उपचार समाविष्ट आहे आणि २०२३ च्या निर्णयाने तिचे संरक्षण पाच लाख रुपयांपर्यंत वाढले. मग अडते कुठे?

पहिला डॉक्टर, पहिला छेद

अडण्याची सुरुवात होते ती लाजेपासून. वृषणात एक कडक गाठ लागते किंवा एक बाजू जड वाटू लागते. दुखत नाही, म्हणून तरुण गप्प राहतो. आईला सांगता येत नाही, वडिलांना सांगवत नाही, बायकोला सांगितले तर ती घाबरेल. सायकलवरून पडल्याचे, झाडावरून उतरताना लागल्याचे कारण आठवते आणि सूज त्या मारावर ढकलली जाते. पुढे कंबर दुखू लागते किंवा खोकला सुटत नाही, तेव्हा कुठे डॉक्टर गाठला जातो. आणि त्या वेळी तो कंबर आणि खोकलाच दाखवतो.

दुसरी अडचण पहिल्या डॉक्टरची. अंडकोशाची सूज म्हटली, की आपल्याकडे पहिला विचार येतो तो हायड्रोसिलचा किंवा जंतुसंसर्गाचा. तो अनेकदा बरोबरही असतो. पण कधी तपासणीसाठी थेट गाठीत सुई घातली जाते, कधी पाणी झालेय असे समजून अंडकोशाच्या पिशवीवरच छेद घेतला जातो. वृषणाच्या कर्करोगात या दोन्ही गोष्टी टाळायच्या असतात. वृषणाच्या लसिका वाहिन्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीजवळच्या गाठींकडे जातात, तर पिशवीच्या त्वचेच्या वाहिन्या जांघेकडे. चुकीच्या जागी छेद घेतला, तर रोगाला एक नवी वाट मोकळी करून दिल्यासारखे होते आणि सोपा उपचार अवघड होऊन बसतो. योग्य शस्त्रक्रिया जांघेतून करतात आणि रोगट वृषण त्याच्या नाडीसकट बाहेर काढतात.

त्याआधी दोनच गोष्टी हव्यात. एक सोनोग्राफी, दुसरी रक्ताची तपासणी, जिच्यात एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच ही तीन द्रव्ये मोजतात. शस्त्रक्रियेनंतर ही द्रव्ये ठरावीक गतीने उतरली पाहिजेत. उतरली नाहीत, तर रोग शरीरात कुठेतरी शिल्लक आहे, हे गाठ दिसण्यापूर्वीच कळते. इतकी बोलकी रक्ततपासणी फार थोड्या कर्करोगांत मिळते. तिचा उपयोग होण्यासाठी रक्त शस्त्रक्रियेच्या आधीही घेतलेले असले पाहिजे. घाईने गाठ काढली आणि रक्त घ्यायचे राहिले, तर तुलनेसाठी काहीच उरत नाही.

औषधाची किंमत

रोग वृषणापुरताच असेल, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेनंतर नुसती नजर ठेवणे पुरते. पसरला असेल, तर किमोथेरपीची तीन किंवा चार आवर्तने द्यावी लागतात. एकेक आवर्तन एकवीस दिवसांचे. पहिले पाच दिवस रोज सलाईन, आणि ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. तीन आवर्तने म्हणजे नऊ आठवडे. हे वेळापत्रक मोडता येत नाही. दोन आवर्तनांत अंतर पडले, की बरे होण्याची शक्यता घटते. औषध ओळखीचे आहे, पण ते सौम्य नाही. त्याचे दुष्परिणाम वाचकांनी नीट समजून घेतले पाहिजेत, कारण उपचार घराजवळ कितपत आणता येईल, हे त्यांच्यावरच ठरते.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना जाचते. त्यासाठी औषधाच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन द्यावे लागते. उलट्यांवर आता चांगली औषधे आहेत. तरीही रुग्ण घरी गेल्यावर उलट्या होत राहिल्या आणि पाणी पोटात ठरले नाही, तर मूत्रपिंडे संकटात येतात. काहींच्या कानांत कायमचा नाद राहतो, उंच स्वर ऐकू येईनासे होतात. हातापायांची बोटे बधिर होतात. लिखापढी करणाऱ्याला हे सोसता येते. कोयता धरणाऱ्याला, डोंगर उतरणाऱ्याला ते पोटावर येते. थंडीत बोटे पांढरी पडून ठणकतात, आणि तोरणमाळची हिवाळ्यातली पहाट काही साधी नसते.

ब्लिओमायसिन फुफ्फुसांवर घाव घालू शकते. शंभरात एखाद-दुसरा रुग्ण त्याने दगावतोही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याला आणि मूत्रपिंडे बिघडलेल्याला हा धोका अधिक. कोरडा खोकला आणि चढावर लागणारी धाप ही त्याची पहिली खूण. ती वेळीच सांगितली, तर औषध थांबवता येते. ज्याने हे औषध घेतले आहे, त्याने पुढे कुठल्याही शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणाऱ्या डॉक्टरला ते सांगितले पाहिजे. कारण जास्त प्रमाणातला प्राणवायू त्या फुफ्फुसांना अपायकारक ठरू शकतो.

सर्वांत तातडीचा धोका वेगळाच आहे. औषधानंतर साधारण दुसऱ्या आठवड्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या दिवसांत ताप आला, तर तो साधा ताप नसतो. जंतुनाशक इंजेक्शन तासाभरात सुरू व्हावे, असे शास्त्र सांगते. तेवढ्या वेळात तोरणमाळहून जेमतेम घाट उतरता येईल.

दूरच्या काळातले दुष्परिणाम पुन्हा निराळे. रक्तदाब, हृदयविकार, पुरुषी संप्रेरकाची कमतरता आणि क्वचित दुसरा कर्करोग. बरा झालेला पंचविशीचा तरुण पुढे चाळीस-पन्नास वर्षे जगणार असतो. म्हणून त्याच्यावर नजर ठेवण्याचे काम उपचार संपल्यावरही चालूच राहते. रोग उलटला, तर बहुतेकदा पहिल्या दोन वर्षांत उलटतो, आणि तेव्हाही तो बरा होऊ शकतो. अट एकच, की रुग्ण तपासणीला आला पाहिजे.

सातपुड्यातला वेगळा धोका

पाठ्यपुस्तकात ज्यावर फारसा भर नसतो, असा एक प्रश्न नंदुरबारमध्ये पहिल्या पानावर यायला हवा. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यातले सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत, आणि भिल्ल, पावरा या समाजांत सिकलसेलचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. या आजारात शरीरातले पाणी कमी झाले, प्राणवायू कमी पडला किंवा जंतुसंसर्ग झाला, की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात. आता किमोथेरपी काय करते ते आठवावे. उलट्यांनी पाणी कमी होते, संसर्गाचा धोका वाढतो, फुफ्फुसांवर ताण येतो. इतकेच नव्हे, तर पांढऱ्या पेशी वाढवण्यासाठी जे इंजेक्शन सर्रास दिले जाते, तेच सिकलसेलच्या रुग्णाला जिवावरचे ठरल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात आहेत. मुंबईतल्या डॉक्टरला रुग्णाचे गाव आणि जमात ऐकून हे सुचेलच, असे नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत तपासण्या होत आहेत. त्या तपासणीचा निकाल कर्करोगाच्या रुग्णाच्या कागदांत पहिल्या दिवसापासून असणे, ही या भागाची गरज आहे.

दुसरी गोष्ट स्थलांतराची. दिवाळी झाली, की या डोंगरातले तरुण मोठ्या संख्येने ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. ज्या वयात हा रोग होतो, नेमके तेच वय. तोडीवर असताना गाठ लागली, तर मुकादमाला काय सांगायचे? उचल घेतलेली असते. ती फिटल्याशिवाय निघता येत नाही. उपचार सुरू झाला आणि मधेच तोडीची हाक आली, तर नऊ आठवड्यांचे वेळापत्रक कोण सांभाळणार? योजना रुग्णालयाचे बिल भरते. बुडालेली मजुरी आणि बरोबर आलेल्या भावाचा खर्च कुटुंबाच्याच माथी राहतो. मुंबईत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती अशा संस्था आहेत, म्हणून कित्येक कुटुंबे टिकतात. पण त्यांच्या खोल्यांना मर्यादा आहेत. आणि पावरी बोलणाऱ्या माणसाला परळमध्ये आपले म्हणणे पटवून देणारा कोणी भेटेलच, असेही नाही.

बाप होण्याचा प्रश्न

या रोगात कुटुंबाला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. मुलाचे लग्न होईल काय? त्याला मूल होईल काय? याचे उत्तर स्पष्ट द्यायला हवे. एक वृषण काढल्याने पुरुषत्व जात नाही. दुसरे निरोगी असेल, तर ते बहुतेकांना पुरते. किमोथेरपीनंतर शुक्राणू काही काळ नाहीसे होतात. पुष्कळांत ते पुन्हा येतात, काहींत येत नाहीत. पोटातल्या गाठी काढण्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेत मज्जातंतू दुखावले, तर वीर्य बाहेर न पडता मूत्राशयात जाते. अनुभवी शल्यचिकित्सक ते तंतू वाचवू शकतात. म्हणूनच औषध सुरू करण्यापूर्वी वीर्य गोठवून ठेवण्याची सोय रुग्णाला सांगितली पाहिजे. ती नंतर सांगून उपयोग नाही. ही सोय मोठ्या शहरांत आहे, तिला पैसे लागतात, आणि ज्याला तिची माहितीच नाही, त्याच्यासाठी ती नसल्यातच जमा.

लहान मुलांच्या बाबतीतही एक साधी गोष्ट आहे. जन्मतः वृषण खाली न उतरलेल्या मुलांत पुढे या कर्करोगाचा धोका काही पटींनी वाढतो. दीड वर्षाच्या आत छोटी शस्त्रक्रिया केली, तर धोका कमी होतो आणि पुढे तपासणीही सोपी जाते. अंगणवाडीत मुलाचे वजन घेतले जाते, तेव्हा एवढे पाहायला फार वेळ लागत नाही.

केंद्र कशाला म्हणायचे?

आता पुन्हा घोषणेकडे येऊ. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०२० मध्ये तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. राज्यातल्या काही जिल्हा रुग्णालयांतून किमोथेरपी देण्याचा प्रयत्न २०१८ पासून झाला आहे. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी खाटा, खुर्च्या आणि सलाईनचे स्टँड मांडणे अशक्य नाही. पण तेवढ्याला केंद्र म्हणावे काय?

कामाची वाटणी नीट झाली, तर म्हणावे. काही गोष्टी दूर राहिल्या तरी चालतील, नव्हे त्या दूरच राहाव्यात. पोटातल्या गाठींची अवघड शस्त्रक्रिया, प्रतिकूल गटातल्या रुग्णाचा उपचार, पेशींच्या नमुन्याची अखेरची पारख, ही कामे टाटा रुग्णालयासारख्या अनुभवी जागीच व्हायला हवीत. तिथे वर्षाला अनेक रुग्ण पाहिलेले हात आहेत. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कॅन्सर ग्रीडमुळे लहान रुग्णालयांना मोठ्यांचा सल्ला मिळण्याची वाटही तयार आहे. उलट, आठवड्याचे ब्लिओमायसिन, रक्ताची मोजणी, शस्त्रक्रियेनंतरच्या द्रव्यांची तपासणी, बरे झालेल्यांची वर्षानुवर्षांची देखरेख, ही कामे नंदुरबारला होऊ शकतात. काही तर शहाद्यालाही. त्यासाठी तरुणाने दर वेळी सुरतेचा वळसा घालून मुंबई गाठण्याचे कारण नाही.

मात्र त्यासोबत तीन गोष्टी नसतील, तर जवळचा उपचार दूरच्या उपचारापेक्षा घातक ठरेल. पहिली, किमोथेरपीच्या रुग्णाचा ताप रात्री दोन वाजताही हाताळणारी व्यवस्था. तोरणमाळच्या आणि धडगावच्या रुग्णालयांत ते जंतुनाशक इंजेक्शन ठेवलेले असणे आणि ते द्यायचा लेखी अधिकार तिथल्या डॉक्टरला असणे. तोवर दुसऱ्या आठवड्यातले दिवस रुग्णाला जिल्ह्याच्या गावी राहण्याची सोय. दुसरी, सिकलसेलचा निकाल पाहिल्याशिवाय औषध सुरू न करण्याचा नियम. तिसरी, जिल्ह्यातल्या प्रत्येक शल्यचिकित्सकाला एकच गोष्ट माहीत असणे, की तरुणाच्या वृषणातल्या कडक गाठीत सुई घालायची नाही आणि छेद जांघेतून घ्यायचा. या तिसऱ्या गोष्टीला एक दुपार पुरते आणि एक रुपयाचे यंत्र लागत नाही.

उद्घाटनाच्या फलकावर खुर्च्यांची संख्या लिहिलेली असते. त्याऐवजी वर्षअखेरीस तीन आकडे जाहीर व्हावेत. किती रुग्णांनी उपचार सुरू केला, किती जणांनी तो ठरल्या वेळेत पूर्ण केला, आणि मधेच सोडलेले का सोडून गेले. जो रोग बहुतेकांना सोडून जातो, त्याच्या बाबतीत हे आकडे वाईट आले, तर दोष कुठे आहे हे शोधायला फार लांब जावे लागणार नाही.

आणि घरातल्यांसाठी एवढेच. दर महिन्याला तपासणीचा बडेजाव करण्याची गरज नाही. पण वयात आलेल्या मुलाला वडिलांनी, मामाने, मोठ्या भावाने, कोणीतरी सांगून ठेवावे, की अशी न दुखणारी कडक गाठ लागली, तर लाजू नकोस, आठवडाभरात दाखव. शहरातल्या सुशिक्षित घरांतही हे वाक्य अजून क्वचितच उच्चारले जाते. सातपुड्यातल्या माणसाच्या संकोचाला नावे ठेवण्यापूर्वी ते आपल्या घरात बोलून पाहावे.